आधी घास गिळा

सोमवार, ४ तारीख
नवं गाव, नवी नोकरी, खिडकीशी टेबल. आणखी काय हवं? लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून गोड करायचे, एवढंच काम. मालक खोलीतही डोक्यावर गॉगल चढवून असतात. सूर्य त्यांना विचारूनच उगवतो असा एकंदर आविर्भाव. त्यांनी आल्या आल्या दुकानाचा नियम सांगितला. माणूस स्वतःला रडताना पाहू शकतो, नाचताना तर आवडीने पाहतो, पण चावताना पाहू शकत नाही. म्हणून चावणाऱ्यांचे तुकडे ‘उष्टं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि शुक्रवारी फोल्डर कायमचं रिकामं करायचं. म्हटलं, देव पावला! धाकट्या भावाचं घर मी नोकरीसाठी सोडलं असं लोकांना सांगतो. खरं कारण जेवताना वाजणारा भावाचा जबडा.

शुक्रवार, ८
एक लग्न हातावेगळं केलं. नवरीच्या वडिलांनी वैताग आणला. अख्ख्या लग्नात हे गृहस्थ एकदाच बोलतात, तेही तोंड भरलेलं असताना. कॅमेऱ्यापलीकडे उभ्या लेकीला काहीतरी सांगतायत. गालात गोळा, ओठांच्या कोपऱ्यात फेस, हनुवटीवर एक ओला कण. शब्द एकही धड नाही. मी पडद्यालाच सुनावलं की काका, आधी घास गिळा, मग बोला. टाकलं उष्ट्यात, केलं उष्टं रिकामं. कॅमेऱ्याची कार्डं मालकांनी आधीच पुसली होती.

सोमवार, ११
नवरी आली होती. वडील गेले. लग्नाचे पाहुणे पांगतात न पांगतात तोच. जन्मभर कॅमेऱ्याला बिचकायचे म्हणाली, त्यामुळे त्यांचा आवाज कुठेच नाही. त्या दिवशी जेवताना काहीतरी सांगत होते. हॉलमध्ये गोंगाट, हिने नुसतीच हसून मान हलवली. आता तेवढंच ऐकायचंय. मालकांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. ती वळताच माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या बापाला मीच मारलं. घाईने प्रोजेक्ट उघडायला गेलो आणि सॉफ्टवेअर आडवं झालं. फाइल खराब आहे, म्हणे.

मंगळवार, १२
आपोआप जपलेली एक जुनी प्रत सापडली. त्यातून प्रोजेक्ट उघडला आणि वडील परत आले! फक्त जिथे जिथे तुकडा हरवलाय, तिथे तिथे तेच. नवरी हसते त्या जागी ते चावतायत, पाहुणे टाळ्या वाजवतात त्या जागी ते चावतायत. चिखलात चप्पल रुतावी तसा आवाज. बोलण्याची वाट पाहिली. बोलले नाहीत. मूळ तुकडा एवढासा होता. हा संपतच नाही. माझा डबा तसाच कचऱ्यात गेला.

बुधवार, १३
नवरीचे मामा फिल्ममधून गायब. त्यांच्या जागी रिकामी खुर्ची. त्यांचा निळा टाय मात्र वडिलांच्या दाढांत, लाळेने काळा पडलेला. मालकांना दाखवलं. म्हणाले, चाळिशी उलटली की डोळे तपासून घ्यावेत. मग स्वतःच पडद्याला नाक लावून बसले. मी निघालो तेव्हाही बसलेच होते.

गुरुवार, १४
मालक आले नाहीत. फोन उचलत नाहीत. पडद्यावर दातांमध्ये गॉगलची काडी. कडकन मोडली. पडद्याला आतून वाफ. कीबोर्ड चिकट, बोट उचललं की तार येते. आंबलेल्या तोंडाचा वास —

आता कळलं. ते माझंच ऐकतायत. आधी घास गिळा. गिळतात, तोंड उघडतात, श्वास घेतात, आता बोलणार — की तोंडात पुन्हा काहीतरी. जो जवळ वाकेल तो —

शुक्रवार, १५
प्रोजेक्ट पुसला. परत आला. वायर काढली. पडदा चालूच. नवरीला कळवलं की काही मिळालं नाही, येऊ नका. मालकांनी आधीच मिळालं म्हणून सांगून ठेवलंय. उद्या येते म्हणाली. माझे उपकार विसरणार नाही म्हणाली.

आरशात पाहिलं. जबडा हलतोय. खाल्लेलं काहीच नाही, आणि —

शनिवार
आली. हेडफोन लावून बसली. ओरडायचंय, पण तोंड भरलंय. मऊ. गरम. माझं नाही. म्हणून लिहून वही तिच्यापुढे धरतोय — मागे व्हा, बाई — बघतच नाही —

दंडाला धरून ओढलं. तिने हात झटकला. थांबा काका, म्हणाली, बाबा बोलतायत.

वाकली. अगदी जवळ. त्यांचं तोंड रिकामं होतंय. उघडतंय. ओरडायला हवं — आत्ता — पण आधी हे गिळ—