बाबा तापीच्या घाटावर

बऱ्हाणपूर, शनिवार, ११ डिसेंबर १९४८

संस्थान विलीन झालं आणि बेटावरच्या आमच्या गावातली बंदराची जकातचौकी बंद पडली. तिथे जन्मभर कारकुनी केलेल्या बाबांना मी हट्टाने इथे आणलं. चुकलं का माझं?

आज दुपारी ते घरात नव्हते. सापडले ते तापीच्या घाटावर. पलीकडच्या जैनाबादहून नावेने येणाऱ्यांची गाठोडी तपासत होते! लोक हसत होते. नावाडी म्हणाला, "माई, घेऊन जा ना यांना. एखादा हात उचलेल."

मी दंड धरला, तर बाबा म्हणाले, "थांब पोरी, अजून एक होडी यायचीय."

मी थांबले. होडी आली. एका म्हातारीचं गाठोडं त्यांनी सोडून पाहिलं, नीट बांधून दिलं, मगच निघाले.

आता आमचे हे विचारताहेत, "उद्यापासून बाहेरून कडी लावायची का?"