दुसऱ्या मजल्यावरचा समुद्र

१६ मार्च, रविवार
निर्णय झाला. समुद्र आणायचा. लखनौत, वृंदावन योजनेत, दुसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या जागी.

कारण वेदिका. मराठी मंडळाच्या पिकनिकला ती म्हणाली की यार, लखनऊ में सब है, बस समुंदर नहीं है. म्हणाली सगळ्यांना, पण 'समुंदर'ला माझ्याकडे बघितलं. माझा मित्र संकेत म्हणतो, माझ्यामागे मटर चाटवाला होता. संकेतशी बोलणं बंद.

तिचं आजोळ देवगड. नोकरी अमौसीला विमानतळावर, एअरलाइनच्या काउंटरवर. कंपनी तिला गोव्याची बदली देतेय, मेच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचंय. अजून ठरवलं नाही म्हणते. म्हणजे थांबायला कारण हवंय. कारण मी देणार. खाऱ्या पाण्याचं अ‍ॅक्वेरियम. गोड्या पाण्याचं कुणीही ठेवतं.

२३ मार्च
टाकी बसली. खडक, वाळू, समुद्राचं मीठ, पंप, निळा दिवा, सगळं आलमबागच्या दुकानातून. दुकानदार म्हणाला, महिना-दीड महिना पाणी मुरू द्या, मग मासे. मी विचारलं, समुद्राला कुणी महिना दिला होता? दोन नारिंगी मासे लगेच उचलले.

पाणी आरओचंच हवं म्हणे. किचनमधला आरओ थेंब थेंब देतो. पण त्याच्याच दुसऱ्या नळीतून बादल्याच्या बादल्या येतात, आई त्याने फरशी पुसते. आरओचंच पाणी, फक्त दुसऱ्या नळीचं. याला डोकं लागतं.

१ एप्रिल
वाळूवर तपकिरी भुकटी. स्नेहल (धाकटी बहीण, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत) म्हणाली, भैया, समुंदर में जंग लग गया. टपली मारणार होतो. मारली नाही. हल्ली मी फार शांत असतो.

दुकानदाराला फोन. म्हणे नवीन टाकीत असं होतंच, आपोआप जातं, दिवा कमी लावा, खाणं कमी टाका. कामचुकार माणूस. मी दिवा रात्रंदिवस चालू केला. उजेडात घाण टिकत नाही.

९ एप्रिल
तपकिरी गेलं. जिंकलो.

हिरवं आलं. केसांसारखं शेवाळ, प्रत्येक खडकाला दाढी. बाबा म्हणाले, परीक्षेला नाही बसला, पण पोट्ट्याने घरात शेती काढली.

इथे एकदाच लिहून ठेवतो. कॉलेज मी सोडलेलं नाही. एका सरांशी तात्त्विक मतभेद झाला, त्यात हजेरीचं रजिस्टर खिडकीतून बाहेर गेलं आणि पाठोपाठ मी दारातून. कॉलेजला विचार करायला वेळ दिलाय.

१४ एप्रिल
जयंती. सगळे पांढऱ्या कपड्यांत कार्यक्रमाला. मी वंदना करून सरळ घरी, टूथब्रशने खडक घासले. एकेक. चकाचक. नंतर कळलं, ब्रश बाबांचा होता. त्यांनाही नंतरच कळलं.

१८ एप्रिल
दाढी परत. आधीपेक्षा दाट.

२१ एप्रिल
गोगलगायी आणल्या. शेवाळ खातात म्हणे. यांनी दोन दिवस काच चाटली, मग टाकीतून बाहेर पडायला लागल्या. एक बाबांच्या चपलेत सापडली. म्हणजे त्यांच्या पायाला सापडली. बाबांनी चप्पल उचलून टाकीशेजारी ठेवली.

२७ एप्रिल, रविवार, भर दुपार
वेदिकाचा मेसेज: "मी खाली आहे."

खाली! म्हणजे मोकळी, सुट्टीवर. तिचं नेहमीचंच आहे, 'शाम को खाली हूँ', 'आज खाली नहीं हूँ यार'. पण आज स्वतःहून कळवतेय.

मग टाकी बघितली. या दाढीवाल्या समुद्रापुढे तिला उभं करणार नाही. पूर्ण विचार करून उत्तर दिलं: "आज नको. पुढच्या रविवारी खाली राहा ना. त्याच्या पुढच्याही."

तिचं आलं, "क्या?" मग थोड्या वेळाने, "ठीक है."

ठीक है! सगळे रविवार माझे.

संध्याकाळी
स्नेहल क्लासवरून आली. म्हणाली, वेदिका दीदी गेटपाशी स्कूटी लावून उभी होती, एवढ्या गरम लू में, तोंडाला दुपट्टा बांधून. मोबाइल बघितला, मान वर करून आपली खिडकी बघितली आणि गेली.

मराठी खाली.

ती मराठीत लिहीत होती. कारण गेल्याच आठवड्यात मी तिच्यावर तडकलो होतो की मराठी असून माझ्याशी हिंदीत काय बोलतेस. तिने मनावर घेतलं. एका मुलीने आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं आणि मी तिला लेखी कळवलं की पुढचे दोन रविवार अशीच गेटपाशी उभी राहा.

२८ एप्रिल
फोन करून समजावलं. ती हसली. मग काउंटरवरच्या पोरींना सांगितलं, त्या हसल्या. मी फोन आपटला. सहनशक्तीलाही लिमिट असते.

लगेच परत लावला. उचलला नाही. दिवसभर लावत होतो, पण सहज.

५ मे
हिरव्यावर आता लालसर साय. पंपाजवळ बुडबुडे. मासे खडकामागे बसून माझ्याकडे बघतात.

दुकानात जाऊन भांडलो. टाकी, खडक, मासे, सगळं परत घे म्हटलं. गिऱ्हाइकं गोळा झाली. दुकानदार इतकंच म्हणाला, "भैया, पानी ठीक है. आप उसको चैन से बैठने दीजिए." तडक निघून आलो. येताना आणखी एक औषध घेऊन आलो, पण त्याच्याकडून नाही, समोरच्याकडून.

औषधाने साय गेली. दाढी तशीच.

११ मे, रविवार
आली. न कळवता, थेट वर. मी बनियनवर, कोपरापर्यंत हात टाकीत. आईने दार उघडलं, बस म्हणाली, पन्हं आणायला आत गेली आणि आतच राहिली. स्नेहललाही तिने आत ओढून घेतलं.

मी सांगायला लागलो की हे तात्पुरतं आहे, मुळात टाकी फार सुंदर आहे. वेदिका म्हणाली, चुप. काचेला नाक लावून बसली. पन्ह्यातला बर्फ विरघळला तरी बसलेली.

मग मराठीत, एकेक शब्द जोडत, म्हणाली, "ओहोटीला ना, आजोळचे खडक असेच दिसतात. हिरवे. पाय सटकतो. आजी ओरडायची."

डोळे भरलेले तिचे. मी ज्या गोष्टीशी महिनाभर झुंजतोय, तिच्यावर ही फिदा. मी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. पण केलं म्हणूनच हे झालं असंही म्हणता येईल.

जाताना दारात थांबली. "थँक यू भूषण. मैं कब से डिसाइड ही नहीं कर पा रही थी."

जिंकलो. काय डिसाइड, ते विचारायची गरज वाटली नाही.

१३ मे
गोव्याला हो कळवलं तिने.

म्हणाली, ते हिरवं बघितलं आणि राहवेना. आता समुद्राजवळच राहायचं. मी विचारलं, आणि मी? म्हणाली, तुम तो बहुत स्वीट हो यार. स्वीट. खाऱ्या पाण्याच्या माणसाला.

मोबाइल भिंतीवर फेकणार होतो. फेकला नाही. तिचा मेसेज यायचा होता. आला: "उसे साफ़ मत करना. दिवाळीला येईन तेव्हा बघेन."

ठरलं. आता घासणं बंद. एक केसही उपटणार नाही. दिवाळीपर्यंत जंगल.

२५ मे
एअरपोर्टला गेलो. तिचे आई-बाबा, मामा, सगळे. मी थोडा लांब खांबापाशी. काउंटरवरची एक पोरगी दुसरीला म्हणाली, यही हैं खाली वाले. वेदिकाने वळून हात हलवला. मीही हलवला. तो तिच्या मामाला वाटला आपल्याला, त्याने नमस्कार केला.

१२ जून
शेवाळ कमी झाल्यासारखं वाटतंय. उजेडाचा भास असेल.

१९ जून
भास नाही. अर्धे खडक उघडे.

आईला विचारलं. ती म्हणाली, मी काहून काही करू? फक्त संध्याकाळी दिवा बंद करते, माशांनाही झोप लागते न रे. आणि पिण्याचंच पाणी घालते, फरशीचं कसं पाजायचं जिवाला? तू जेवत नव्हतास, मग मी म्हटलं निदान यांचं तरी बघावं.

ओरडायला तोंड उघडलं. जेवलो.

२ जुलै
एक हिरवा धागा नाही. वाळू पांढरी, पाणी काचेसारखं, दोन्ही मासे बाहेर. उरलेली गोगलगाय पण टाकीतच राहते आता. एवढी सुंदर टाकी लखनौत कुणाची नसेल.

दुकानदाराला फोन केला. शेवाळ वाढवायचं कसं, विचारलं. त्याने आवाज ओळखला आणि ठेवून दिला.

संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. मग म्हणाले, जमलं की रे तुला, त्या पोरीला फोटो पाठव.