नोव्हाचे मागचे पाटे

५ सप्टेंबर, शनिवार

शी! पुन्हा चुकीचे यू-बोल्ट. नव्या अ‍ॅक्सलची नळी जाड, आणि कॅझने बोल्ट मागवले जुन्याच्या मापाचे. खोक्यावर माप चांगलं ठळक छापलंय. माझा धाकटा भाऊ आयुष्यभर गाड्या उघडतोय आणि त्याला खोकं वाचता येत नाही! वर म्हणतो, दुकानदाराने बदललं असेल. त्या बिचाऱ्याच्या माथी मारून मोकळा.

जुलैत जुन्या अ‍ॅक्सलच्या आतल्या गिअरचे दात गेले, तेव्हा ट्रकचा दणकट अ‍ॅक्सल टाकायची कल्पना याचीच. आता मागचं सगळंच नव्याने निवडत बसा — स्प्रिंगचे पाटे, धक्के झेलणारे शॉकअब, बोल्ट. ३ ऑक्टोबरला स्ट्रिपवरची, आमच्या सरळ धावपट्टीवरची, शेवटची शर्यत. मग ती पाडून तिथे गोदामं. बाबांची ही नोव्हा गाडी त्या दिवशी धावली नाही तर पुन्हा धावायची नाही. आणि ती चालवायची ती कॅझनेच, हे बाबांच्या वेळेपासून ठरलेलं. मी नटबोल्ट आवळते, तो चालवतो.

८ सप्टेंबर, मंगळवार

पाट्यांवरून जुंपली. मला कडक हवेत. नव्या अ‍ॅक्सलला मऊ पाटे दिले तर सुटताना ते पिळवटणार आणि गाडी बेडकासारख्या उड्या मारणार. कॅझला मऊच हवेत. म्हणे, मऊ पाट्यांवर गाडी बोलते! मी अ‍ॅक्सलच्या कारखान्यात म्हातारी झाले, माझ्याशी एकही अ‍ॅक्सल बोलला नाही.

कडकच मागवले. फोन मी केला. कॅटलॉग त्याने नुसता नाकाशी धरला, मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तसा. कसलं ध्यान! मग माझ्याकडे ढकलला — "तूच वाच, मला कंटाळा आलाय."

कंटाळा!

१० सप्टेंबर

शॉकअब आले. लांबीला चुकले. हे त्याने मागवले होते.

१३ सप्टेंबर, रविवार

चर्चहून थेट त्याच्या गॅरेजात गेले. त्याच्यासाठी बटाटा भरलेले पिएरोगी घेऊन गेले होते, ते तसेच परत आणले. माझी भूकच मेली.

पाट्यांच्या बैठका त्याने अ‍ॅक्सलला पक्क्या वेल्ड करून टाकल्यात. पक्क्या! आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल — आधी वेल्डिंगचे नुसते टाके घालायचे. मग गाडी चाकांवर उतरवायची, सगळं वजन बसू द्यायचं, अ‍ॅक्सलच्या तोंडाचा, पिनियनचा कोन मोजायचा आणि मगच पक्कं करायचं. याने गाडी लोखंडी घोड्यांवर लटकत असतानाच उरकलं. त्यात डावी बैठक एकीकडे, उजवी भलतीकडे. आणि वेल्डिंग? ज्याच्या वेल्डिंगचे लोक फोटो काढून न्यायचे, त्याच्या हातची ही कबुतराची शीट.

"चाकांवर न उतरवता पक्कं केलंस?"

"हाताला सरळ लागलं."

"हाताला? मग कोनमापक काय देव्हाऱ्यात ठेवायला आणलाय?"

"तू कुठे होतीस वाचायला?" म्हणाला. आणि आत जाऊन बसला.

मला वाटतं पुन्हा पितोय. तोंडाला वास नव्हता, पण दुसरं काय असणार? लाज वाटते मला त्याची.

१६ सप्टेंबर, बुधवार

ग्राइंडरने सगळं कापून काढलं. नाकातोंडात लोखंडाचा भुगा. त्याला हात लावू दिला नाही, फक्त बॅटरी धरायला सांगितली. तीही धड धरेना. मी इकडे, उजेड तिकडे.

१९ सप्टेंबर, शनिवार

टाके घातले, गाडी चाकांवर उतरवली. चालवणाऱ्याचं वजनही धरावं लागतं, म्हणून कॅझला आत बसवलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. मी खालून कोन ओरडून सांगितला. बरोबर आला का, त्याने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बरोबर आहे रे बाबा! मीच पक्कं केलं. माझी शिवण त्याच्या पूर्वीच्या शिवणीच्या पासंगालाही पुरत नाही, पण सरळ आहे.

२६ सप्टेंबर, शनिवार

स्ट्रिपवर सराव. गाडी झकास. एक उडी नाही, थरथर नाही. कडक पाटे माझे!

आणि हा महाशय दर वेळी उशिरा सुटतो. नेहमीसारखी मीच पुढे उभी राहून हाताने खुणा करत त्याला रेषेवर आणलं. तिथवर ठीक. सुटायचे दिवे पिवळे झाले, हिरवा लागला, शेजारची गाडी सुटली — आणि मग हा हलला. दर वेळी तेच, मेंढरासारखा दुसऱ्याच्या मागून. लोक हसले. स्ट्रिपवरच्या मर्लने तर विचारलं, तुझ्या भावाला अलार्म लावून देऊ का?

मी खिडकीशी जाऊन नाही नाही ते बोलले. पाटे कडक आहेत म्हणून उशीर होतो, म्हणे. पाटे! हे ऐकून तर तिडीक गेली डोक्यात. सांगून टाकलं, पुढच्या शनिवारी मी चालवणार.

म्हणाला, "शेवटचं एकदा मला चालवू दे, डार्लीन. मग चावी तुझी."

२९ सप्टेंबर, मंगळवार

मऊ पाटे आणून टाकले. सरावाला उत्तम चाललेले काढून! इतक्या वाईट मनाने मी आजवर नट आवळला नसेल. पण आता त्याला सांगायला सबब उरली नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

पहिल्या फेरीतच शेजारची गाडी रेषेवर बंद पडली, ढकलत नेली. कॅझला एकट्यालाच धावायचं होतं. मी खुणा करून त्याला रेषेवर आणलं, बाजूला झाले. पिवळे लागले. हिरवा लागला.

नोव्हा जागची हलली नाही. इंजिन छान गुरगुरत होतं. मागून कोणीतरी शिट्टी मारली. शिव्या तोंडात घेऊनच मी खिडकीकडे पळाले.

तो समोर बघत होता. हिरवा दिवा नाकासमोर पेटलेला.

"डार्लीन," हळूच म्हणाला, "हिरवा लागला का गं?"