वहीतलं माझं नाव

११ ऑक्टोबर, शनिवार. झिंडेलफिंगेन, जर्मनी

हे गेल्याचं मी इंग्लंडमधल्या त्या खेड्यातल्या चर्चला कळवलं होतं. कंपनीच्या कामाला गेले की रविवारी हे तिथे जायचे. जुना दगडी मनोरा, शेवाळलेली थडगी, सगळं फोनवर सांगायचे. आज तिथल्या बाईंचं पत्र आलं, सोबत पाहुण्यांच्या वहीतल्या पानाचा फोटो. ह्यांच्या अक्षरात ह्यांचं नाव, खाली माझं. मी तर इंग्लंडला कधी गेलेच नाही.

लेक म्हणाली, "आई, बाबांना तुझी आठवण आली असेल, म्हणून लिहिलं."

असेलही. पण बाई लिहितात, "सुगीच्या प्रार्थनेला तुम्ही भोपळे किती सुंदर मांडले होते!"

मी? भोपळे?

उद्या उत्तर पाठवीन. आभार मानीन. आणि विचारीन, तेव्हा मी दिसत कशी होते?