कपाटातले गॉगल

सोमवार, ४
झालो बुवा एकदाचा सुपरवायझर! निघताना ताई म्हणाली, आता तरी शर्टाची बटणं नीट लाव. कारखाना लहान, पण चोख. लोखंडी पाती घासायची पाच चाकं, भिंतीशी पाण्याची पिंपं. माझ्या टेबलामागे काचेचं कपाट आणि त्यात नवेकोरे गॉगल मांडलेले. ते फक्त तपासणीला अधिकारी आले की काढायचे, रोज वापरले तर ओरखडे पडतात, असं मालकांनी समजावलं. किल्ली माझ्याकडे. ती खिशात वाजवत मी उगाच फेऱ्या मारल्या. सगळ्यात जुने कारागीर मामा. त्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांचे जावईसुद्धा. मला म्हणाले, तुमच्या वयात मीही असाच ताठ चालायचो, मग पाठ दुखायला लागली.

गुरुवार, ७
आज मामांनी गॉगल मागितला. नवं चाक फार कण उडवतंय म्हणाले. तपासणी तोंडावर आलेली. मी नकारार्थी मान हलवली. वर थट्टाही केली, की इतकी वर्षं लागला नाही, आता काय नवरदेव व्हायचंय? सगळे हसले. मामाही हसले.
दुपारच्या चहाआधी त्यांच्या उजव्या डोळ्यात कण घुसला. मालक धावत आले आणि माझ्या कानाशी लागले. गॉगल दिला होता, पण कामगाराने घातला नाही, असं दिसलं की भरपाई टळते. गाडी येईपर्यंत मी कपाट उघडून एक गॉगल मामांच्या गळ्यात अडकवला. त्यांना वाटलं, मी घालायलाच देतोय. विव्हळत म्हणाले, राहू द्या साहेब, आता कशाला. हे लिहितानाही शरम वाटते.

शनिवार, १६
मामांचा डोळा गेला. तो गॉगल दवाखान्यातून परत आला. पुसून ठेवताना सहज डोळ्यांना लावला. डाव्या काचेतून माझं टेबल दिसलं. उजवीतून मी दिसलो. मामांच्या जागेवरून दिसेन तसा, खिशावर हात, मान हलवतोय, हसतोय. गॉगल कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

मंगळवार, १९
आता गॉगल लागत नाही. ताईच्या चष्म्यात, खिडकीत, नुसत्या उजव्या डोळ्याने बघितलं तरी तेच. आणि दर वेळी थोडं पुढे सरकतं. आज त्यात मी पाठ फिरवली आणि चाक फिरायला लागलं. डॉक्टर म्हणतात, डोळा ठणठणीत आहे.

गुरुवार, २१
भरपाईची चौकशी झाली. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मालक शेजारी बसले होते. नोकरी गेली तर ताईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. गॉगल दिला होता, म्हणून सांगितलं. मामांनी वर पाहिलं नाही. भरपाई बुडाली. बाहेर मामी मला म्हणाल्या, तुमचा डोळा लाल झालाय, पाण्याचे हबके मारा. असल्या माणसांच्या अन्नात मी माती कालवली. धरणी पोटात घेईल तर—

शुक्रवार, २२
दोन्ही डोळ्यांत आता. मिटले तरी. ताई समोर उभी आहे म्हणते. मला मीच दिसतो — दात काढून हसणारा —

शनिवार, २३
अंदाजाने लिहितोय. ताईला सगळं सांगितलं. चौकशीवाल्या साहेबांना घेऊन ये म्हटलं, खरं बोलतो. ती गेली आहे. लवकर यावी —
पुन्हा सुरू झालं. मी आतून ओरडतोय, दे रे, एक गॉगल दे — आणि तो मान हलवतो. सगळे हसतात. मलाही हसावं लागतं, मामांच्या तोंडाने —
चाकावर वाकलोय. मान वळत नाही. पापणी मिटत नाही. कण सुटला. किती सावकाश येतोय — सरळ —