माझ्या पश्चात खाणीचं तळं

मी, आमोद रंगराव रणपिसे, वय तेवीस, राहणार धायरी, पुणे, असं लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, मला कोणी भरीस घातलेलं नाही आणि लिहायला बसण्याआधी मी फक्त चहा घेतला आहे. राग आहे, पण रागामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, असं माझा मित्र श्याम याच्या वकील आत्याने सांगितलं आहे.

मला मरायची हौस नाही. तसं कोणी समजू नये. लहानपणीच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप बिघडली, ती येत्या गुरुवारी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "अहो, घाबरण्यासारखं काहीच नाही," आणि लगेच सह्यांसाठी कागद पुढे केले. दीड दिवसाचे गणपती त्याच दिवशी उठतात. आमच्या सोसायटीच्या टबांत मूर्ती बुडतील तेव्हा मी भूल घेऊन पडलेला असेन. मृत्युपत्राची घाई त्यासाठी आहे.

कलम १. बँकेत माझं जे काही असेल ते आई, हेमा रणपिसे हिला मिळावं. तिने ते स्वतःवर खर्च करावं, निशाच्या फीमध्ये घालू नये. घालणारच आहे, पण माझ्या बाजूने लिहून ठेवलं.

कलम २. सायकल धाकटी बहीण निशा हिला. पुढचा ब्रेक लागत नाही. दुरुस्त केल्याशिवाय चालवू नये, आणि "दादा चालवायचाच की" हे कारण सांगू नये.

कलम ३. पुस्तकं पप्पांना. पप्पा, मी पदवीधर व्हावं म्हणून तुम्ही खडकीच्या कारखान्यात उभी हयात घालवलीत, आणि मी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं. तुम्ही का म्हणून विचारलंत तेव्हा मी "कंटाळा आला" म्हणालो. कंटाळा नव्हता. ऋचा सबनीस पुढच्या बाकावर बसायची. तिच्या वेणीकडे बघत पाण्यातला ऑक्सिजन शिकणं मला जमेना.

कलम ४. सोसायटीमागचं खाणीचं तळं. हे माझ्या मालकीचं नाही, त्यामुळे मला ते कोणाला देता येत नाही. तरीही त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे मृत्युपत्र पुरं होणार नाही.

दगड काढून झाला, खाण सोडून दिली, झऱ्याचं आणि पावसाचं पाणी साठलं, एवढाच त्याचा इतिहास. बाहेर जायला वाट नाही. आत पडेल ते आतच राहतं. तरीही त्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या होत्या, खंड्या होता, मासे होते. ऋचा आणि मी प्रॅक्टिकलसाठी तिथे जायचो. आईच्या जुन्या ताटलीवर मी काळा-पांढरा रंग देऊन चकती केली होती. ऋचा ती दोरीने खाली सोडायची, मी वाकून बघायचो.

"दिसते?"

"दिसते."

"अजून?"

"थांब ना, दिसते."

चकती दिसेनाशी होईल तिथे दोरीला गाठ. जितकी खोल दिसेल तितकं पाणी स्वच्छ. मला चकतीबरोबर पाण्यात तिचा चेहराही दिसायचा, म्हणून मी पुष्कळदा उशिरा "नाही" म्हणायचो. त्या गाठी खऱ्यापेक्षा जरा खोल पडल्या आहेत असं धरावं.

मागच्या वर्षीच्या गणपतीत सोसायटीने नदीत विसर्जन करायचं नाही असं ठरवलं. चांगलं ठरवलं. टबात अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती विरघळवायच्या. पुढाकार आमचे चेअरमन अभय सबनीस यांचा, म्हणजे ऋचाच्या बाबांचा. मूर्ती विरघळल्या. उरलेलं पाणी खत म्हणून झाडांना चालतं असं त्यांनी वाचलं होतं, आणि तेही खरं आहे, भरपूर पाणी मिसळलं तर. पण बाग छोटी आणि टब फार. तेव्हा त्यांनी ठरवलं की झाडांना चालतं ते तळ्यालाही चालेल. तळ्यातही हिरवळ असतेच की! पाइप लावून सगळे टब तळ्यात रिकामे केले. आणि वर टाळ्या.

मी धावत गेलो. म्हटलं, "काका, बंद करा, मासे मरतील."

ते म्हणाले, "आमोद, ह्यात काहीही केमिकल नाही, सरकारमान्य पावडर आहे."

मी म्हटलं, "पाणी तपासून तरी घ्या."

तेव्हा ते हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता तुम्ही आम्हाला गणपती शिकवणार का?"

त्यातलं 'तुम्ही' कोणाला होतं ते आमच्या बौद्ध घराला समजावून सांगावं लागत नाही. मी त्यांची कॉलर धरली. ऋचा पाइपापाशी उभी होती. तिला रसायनशास्त्र माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिने बाबांकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघितलं नाही, फक्त माझ्याकडे बघून म्हणाली, "सोड त्यांना. तमाशा करू नकोस."

मी सोडलं.

दोन दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, मग उलटे झाले. मरळ तेवढी वाचली, कारण ती वरची हवा घेते. पाण्यावर हिरवा थर आला. टिबुकल्या निघून गेल्या. चकती सोडली, तर पाण्याला टेकताच दिसेनाशी झाली. "दिसते?" विचारायलाही कोणी नव्हतं.

कलम ५. ऋचाला काहीही देऊ नये.

(वरचं कलम रद्द.) ऋचा आता बंगळूरला असते. तिला कळवावं. रडली तर कोणी "आता रडून काय उपयोग" म्हणू नये, आईने तर मुळीच नाही. माझा निळा स्वेटर तिच्याकडे आहे, तो परत मागू नये. मी तिची वाट बघत होतो असं सांगू नये. विचारलं तरच सांगावं.

कलम ६. या जुलैत टिबुकलीची एक जोडी परत आली. वॉचमन पोपटमामांनी पहिल्यांदा पाहिली. "आरं, तुझी पाखरं आली हायत बघ," म्हणाले. पाणी अजून निवळलेलं नाही, पण कडेच्या पाणवनस्पतींत तरंगतं घरटं आहे आणि त्यात पिल्लं आहेत. यंदा पुन्हा टब तळ्यात ओतले तर ती जोडी तिसऱ्यांदा येणार नाही.

तळ्यावर लक्ष ठेवायला श्यामला विचारलं. तो म्हणाला, "मी सबनीसकाकांना अडवू? ते आधी माझी गाडी कुठे लावली ते विचारतील." पप्पांना विचारलं नाही. 'तुम्ही आम्हाला गणपती शिकवणार का' हे त्यांना दुसऱ्यांदा ऐकायला लागू नये.

टबांच्या नळाची किल्ली सबनीसांकडे, पाइप सबनीसांकडे, आणि सोसायटी ऐकतेही त्यांचंच. म्हणून माझी चकती आणि दोरी मी श्री. अभय सबनीस यांना देतो. हे मी दात-ओठ खाऊन लिहितो आहे. माफ केलेलं नाही. कॉलर धरल्याबद्दल माफी मागतही नाही.

काका, किल्ली फिरवण्याआधी काठावर या. चकती स्वतः सोडा. किती लवकर नाहीशी होते ते बघा. मग घरट्याकडे बघा. त्यानंतरही पाइप लावावासा वाटला, तर तुम्हाला अडवायला मी नसेन.

निशा हा कागद बुधवारीच त्यांच्या हातात देईल. माझं काय होतं याची वाट न बघता.

कलम ७. माझा शेवटचा विधी भंतेजींच्या हस्ते, साधा व्हावा. आई म्हणेल, तुझं एवढं तळं, रक्षा तिथेच सोडू. सोडू नये. हाडांच्या राखेत फॉस्फरस असतो आणि हिरव्या शेवाळाला तेच हवं असतं. मूठभर राखेने काय होतंय, असं कोणीतरी म्हणेल. टबांच्या वेळीही असंच म्हणाले होते. माझ्यासाठी वेगळा नियम करू नये.

राख रस्त्याच्या पलीकडे, उताराच्या उलट बाजूला पुरावी, पावसाने वाहून आली तरी तळ्यापर्यंत पोचणार नाही इतकी खोल. मला तिथेच राहायचं होतं. तरी नको.

हे मी माझ्या हाताने लिहिलं, दोघांसमोर वाचलं आणि सही केली.

आमोद रंगराव रणपिसे

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि ज्यांनी तरीही सही केली:
१. पोपट बाबूराव चाकणकर, वॉचमन
२. अ‍ॅड. शर्मिला देवधर, श्यामची आत्या

धायरी, पुणे
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५