बुधवारचा दुपारचा खेळ

१९ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी मजेत आहे. ऊन मात्र असं तापलंय की लाँड्रीतली इस्त्री बंद केली तरी चालूच आहे असं वाटतं. फोन सोडून ही बया पत्र का लिहायला बसली, असं म्हणशील. माझा फोन जावयांनी घेऊन दिलेला, त्यात काय काय सोयी करून दिल्यात ते त्यांनाच ठाऊक. पत्रात बरं पडतं. उत्तर लिहिलंस तर लाँड्रीच्या पत्त्यावर लिही, घरच्या नको. माझी खोली त्यांच्याच इमारतीत वर गच्चीवर, त्यामुळे घरची पत्रपेटी जावईच उघडतात, मला जिना उतरायला लागू नये म्हणून.

बातमी अशी की तुझी धाकटी बहीण या वयात सिनेमाच्या नादी लागली आहे. हसू नकोस. बुधवारी दुपारी लाँड्री बंद असते, तेव्हा मी आणि चिंगी दुपारच्या खेळाला जातो. हे गेल्यापासून मी सिनेमाघराची पायरी चढले नव्हते. यंदा मीच जावयांना म्हटलं, माझ्या खोलीचा पत्रा तापतो, थंड हवेत तीन तास बसायला लेकीची सोबत द्या. त्यांच्या ऑफिसचे दोघे बसले होते समोर. नाही कसं म्हणणार? तिकिटं तेच काढतात, गाडीने तेच सोडतात आणि सुटायच्या वेळी दारात गाडी घेऊन उभे असतात.

उन्हाळ्यात सगळे मोठे सिनेमेच लागतात म्हणे. मुलांना सुट्ट्या असतात ना. पहिला पाहिला तो समुद्रातून निघालेल्या जनावराचा. डोंगराएवढं ते. शहरभर चालतं आणि इमारती पत्त्यांसारख्या पाडतं. मला सांग, हजारो बायका पळतात आणि एकीचीही चप्पल सुटत नाही? त्यात एक शास्त्रज्ञ बाई आहे, पांढऱ्या कोटातली. चिखलातून जाते, आगीतून जाते, आणि शेवटी बघावं तर कॉलर कडक. तिची लाँड्री कुठली, मला पत्ता हवाय. जनावराचं मात्र वाईट वाटलं. त्याचे डोळे गरीब होते. ते दुष्ट नव्हतंच, नुसतं मोठं होतं.

दुसरा उडणाऱ्या माणसाचा. त्याच्या पाठीवरचं ते लांबलचक कापड खांद्याला नुसतं टाचलेलं, ना अस्तर, ना दुहेरी शिवण. पहिल्या वाऱ्यातच उसवलं असतं. गोष्ट तर इतकी गुंतागुंतीची की कोण कुणाचा बाप तेच शेवटपर्यंत कळेना. पण मी डोळ्यांत तेल घालून बघितला, कारण बुधवारचं जेवण चिंगीकडे असतं आणि जेवताना जावई तिला गोष्ट सांगायला लावतात. त्यांना गोष्ट ऐकायला फार आवडते. पहिल्यापासून, क्रमाने. कोण आधी मेलं, कोण नंतर, तेव्हा त्याने काय घातलं होतं. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करतात ना, सवयच लागली असेल. चिंगी छान सांगते. अडली की मी बाजूने सुचवते.

ती बारीक झाली आहे. बोलते कमी. पण आहे बरी.

तुझी मागची खोली अजून रिकामीच आहे का गं? सहज विचारलं.

तुझी
धाकटी


१० मे

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. "खोली रिकामी आहे आणि तू सहज विचारलेलं नाहीस," एवढंच लिहिलंस. बरं केलंस, माझं काम सोपं झालं. लाँड्रीच्या फोनवर गिऱ्हाइकांसमोर हे बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

चिंगी सिनेमे बघत नाही. दिवे मालवले आणि पडद्यावर काहीतरी धडाडधुम सुरू झालं की ती बाजूच्या दाराने बाहेर पडते. सिनेमाघराच्या मागच्या गल्लीत ती दातांच्या कवळ्या करायची प्रयोगशाळा आहे, लग्नाआधी ती जिथे काम करायची. आठवतं, पहिली कवळी तिने मेणात कोरली तेव्हा सगळ्यांना दाखवत फिरत होती? तिथल्या मॅडमनी तिला तिचं जुनं टेबल दिलंय. हात पुन्हा बसवायला. तुझ्या गावात त्यांच्या ओळखीची एक जण आहे, तिला असं काम जाणणारं माणूस हवंय. सगळं ठरत आलंय.

सिनेमा संपता संपता ती परत येते. मग आम्ही दोघी तिथल्या बाथरूममध्ये जातो, मी नळ सोडते आणि भराभरा गोष्ट सांगते. ती हात धुते आणि ऐकते. नखांतला प्लास्टरचा पांढरा भुगा काही केल्या निघत नाही. एकदा त्याने गाडीत तिचा हात धरून बोटं पाहिली. मी मागून म्हटलं, किती मीठ घालतात हो त्या मक्याच्या लाह्यांवर. तेव्हा तो हात सोडून पुन्हा समोर बघायला लागला.

बघ, आता मी "तो" लिहायला लागले. राहू दे.

मारतो का, असं तुझ्या मनात आलं असेल. आवाजसुद्धा चढवत नाही. नुसतं विचारतो. बाजारात वीस मिनिटं लागतात, तुला अर्धा तास का लागला? कोण भेटलं? काय म्हणालं? तू काय म्हणालीस? मग दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारतो, उत्तर बदलतं का ते बघायला. ती आता मला साधं "आज काय केलंस" याचं उत्तर देतानाही आधी थांबते. आणि हिवाळ्यात तिची बोटं दारात चेंगरली होती, मी तुला फोनवर सांगितलं होतं. ते दार त्याने लावलं होतं. तिची बोटं चौकटीवर आहेत हे बघून लावलं होतं. हे तिने मला खूप उशिरा सांगितलं, आणि तेही माझ्याकडे न बघता.

आता कालचं सांगते. काल तीन भाऊ मिळून खजिना लुटतात तो सिनेमा होता. या उन्हाळ्यातला मला सगळ्यात आवडलेला. गाड्यांची पळापळ जरा जास्त आहे, पण भावाभावांची भांडणं खरी वाटतात. थोरला धाकट्याला बोलतो ते ऐकून मला तूच आठवलीस. मी बाथरूममध्ये तिला नीट सगळं सांगितलं, अगदी गाड्यांच्या रंगांसकट.

जेवायला बसलो. तिने गोष्ट सांगितली, चुकली नाही. मग तो वाटीतल्या वरणात चमचा फिरवत म्हणाला, "शेवटी तो म्हातारा नोकर मरतो, तेव्हा लोक रडतात म्हणे."

चिंगी म्हणाली, "हो ना. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं."

ताई, त्या सिनेमात म्हातारा नोकर नाहीच.

माझा घास हातातच राहिला. तो तिच्याकडे बघत होता आणि तिला अजून काहीच कळलं नव्हतं. मी हसले. कसं हसले माहीत नाही. म्हटलं, कुठला म्हातारा हो? ही सांगते आणि तुम्ही ऐकता! ही तर मध्यंतरानंतर गाढ झोपली होती, घोरत होती, मलाच शरम वाटली. मी सांगितलं ते पाठ करून आली आहे.

त्याने चमचा वाटीत ठेवला. मग तिला म्हणाला, झोप लागली तर लागली, लपवायचं काय त्यात? आणि स्वतः उठून तिच्या ताटात भाजी वाढली. तिला नको होती तरी तिने सगळी संपवली.

मी निघताना तो दारापर्यंत आला. "पुढच्या बुधवारी रजा टाकतो, आई. तिघं मिळून जाऊ."

पुढच्याच बुधवारची तिची बस ठरली आहे. मॅडमच्या कपाटात तिची पिशवीही ठेवून झाली आहे. जिन्यात ती मला सोडायला आली तेव्हा मी म्हटलं, एक आठवडा पुढे ढकलू. ती नको म्हणाली. एक आठवडा गेला तर पुन्हा धीर होणार नाही, म्हणाली.

मागच्या खोलीत पलंग टाकून ठेव.

तुझी
धाकटी


१७ मे

प्रिय ताई,

सकाळी लाँड्रीच्या मालकांनी हाक मारली, तुझा फोन आहे म्हणून. तू "पोचली" म्हणालीस आणि ठेवून दिलास. मी रिसीव्हर हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मालकांनी काही विचारलं नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला. आता सगळं सविस्तर लिहिते. चिंगी सांगेल तेवढंच सांगेल, आणि ती गेल्यानंतरचं तिला ठाऊकही नाही.

काल तो दुपारीच आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तर लावलेलं. त्याने कडेच्या तीन खुर्च्या घेतल्या होत्या. आपण मधे बसणार, असं त्याच्या चालण्यावरूनच दिसत होतं. चिंगी आत भिंतीकडे शिरली, मग तो, आणि कडेला, येण्याजाण्याच्या वाटेवर, मी. दाराकडे जायचं तर तिला त्याच्या आणि माझ्या गुडघ्यांवरून जावं लागणार.

सिनेमा अवकाशातला. एक माणूस यानात एकटा राहतो आणि यंत्राशी बोलत बसतो. पोरं कंटाळून चुळबुळत होती. मी पडद्याकडे बघत होते आणि मला फक्त चिंगीचा श्वास ऐकू येत होता. ती मध्यंतरात बाथरूमला म्हणून उठणार, असं आमचं ठरलं होतं. मॅडम गल्लीच्या तोंडाशी पिशवी घेऊन थांबणार होत्या.

मध्यंतर झालं. दिवे लागले. चिंगी उठली. तोही उठला. "चल, मीही येतो," म्हणाला.

ती थांबली. मला वाटलं, संपलं, आता ही खाली बसेल. तिचा चेहरा मला दिसत होता. ती बसणारच होती, ताई. गुडघे वाकलेसुद्धा होते. मग ती सरळ झाली आणि त्याला म्हणाली, "मी बाथरूमला नाही चालले. मी घर सोडून चालले आहे. परत येणार नाही."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. हळूही बोलली नाही. पुढच्या रांगेतल्या बाईने मान वळवली.

त्याने तिचं मनगट धरलं. चेहऱ्यावर हसू तसंच. "बस खाली. घरी बोलू," म्हणाला. बोटं मात्र पांढरी पडली होती, तिचीही आणि त्याचीही. ती ओरडली नाही, ओढूनही घेत नव्हती, नुसती उभी होती. मी उठले. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "हात सोडा. लोक बघताहेत."

खरंच बघत होते. त्या पुढच्या बाईने तर, काय झालं हो, असं विचारलंच. तिच्या नवऱ्याने लाह्यांचा पुडा खाली ठेवला. मागचीही दोघं उभी राहिली. ताई, इतकी वर्षं हा माणूस चारचौघांत कधी वाईट दिसलेला नाही. त्याने एकवार सगळीकडे नजर फिरवली आणि हात सोडला. वर त्या बाईला म्हणाला, काही नाही, यांना जरा बरं वाटत नाहीये.

चिंगी त्याच्या पुढून निघाली. माझ्यासमोर आली तेव्हा मला वाटलं काही बोलेल. तिने माझ्या खांद्यावर हात टेकला, तोल सांभाळायला टेकतात तसा, आणि बाहेर पडली. पळाली नाही. मलाच वाटत होतं, पळ गं, पळ.

दिवे मालवले. तो उठला. मी माझ्या खुर्चीत बसले होते आणि मी पाय लांब केले, पुढच्या खुर्चीला टेकवले. तो माझ्यावर वाकला. इतका जवळ की अत्तराचा वास नाकात गेला.

"पाय काढा."

"सिनेमा संपू दे, जावईबापू."

"आई, पाय काढा. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

म्हटलं, कळतंय. पुढची बाई पुन्हा वळली. तिने आता तोंड पडद्याकडे केलंच नाही, खुर्चीवर आडवी बसून आमच्याकडेच बघत राहिली. कोण होती देव जाणे. तो खाली बसला. अंधारात तो मला एकेक विचारायला लागला. कुठे गेली? कुणासोबत? कधीपासून चाललंय? तिकीट कुणी काढलं? हळू, शांत आवाजात, एकामागून एक. मी पडद्याकडे बघत राहिले. माझे पाय थरथरत होते आणि मी ते काढले नाहीत. मग त्याने विचारणं थांबवलं आणि मला आणखीच भीती वाटली. तो रडत होता की काय, मी बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित पाय काढले असते.

तो यानातला माणूस घरी परतला की नाही, मला विचारू नकोस.

सुटल्यावर तो गाडी घेऊन एकटा निघून गेला. त्या अनोळखी बाईने मला चौकापर्यंत सोबत केली. आज सकाळपासून तो लाँड्रीच्या समोरच्या फुटपाथवर उभा आहे. मधे एकदा आत आला, पावतीशिवायच शर्ट मागितला, माझ्याकडे बघत राहिला आणि गेला. मालकांनी माझ्या खोलीला नवं कुलूप आणून दिलंय आणि संध्याकाळी स्वतः पोचवायला येणार आहेत. पोलिसांत जायला मॅडम माझ्याबरोबर येतील. चिंगीला यातलं काही सांगू नकोस. आई ठीक आहे म्हण. तुला खरं सांगते, मला फार भीती वाटते आहे. पण काल पाय थरथरत असताना जी वाटत होती, त्यापेक्षा कमी.

एकच कर. तिला काही विचारू नकोस. झोप लागली का, भूक आहे का, कुठे निघालीस, कधी येशील, आपण मायेनेच विचारतो, पण काही दिवस तेही नको. ताट वाढून ठेव आणि हाक मार. बाहेर निघाली तर निघू दे. उशिरा आली तर दार उघड आणि "आलीस" एवढंच म्हण. ती दारात थांबून कारण सांगायला लागेल. तेव्हा तू आत वळून तुझ्या कामाला लाग.

तिला आणि तुला माझे आशीर्वाद. तू थोरली आहेस, तुला आशीर्वाद द्यायचा माझा मान नाही, पण आज घे.

तुझी
धाकटी